पाणी येते, पण बाहेर पडत नाही: जमीन क्षारपड कशी होते

पूर्व द्रुतगती महामार्गावरून कांजूरमार्ग ते मुलुंड या पट्ट्यातून जाताना खाडीच्या बाजूला मिठागरांची सपाट जमीन लागते. हल्ली तिची चर्चा होते ती तिथे घरे बांधावीत की नाही यावरून. पण तिथे मीठ कसे पिकत असे ते थोडे आठवले, तर तिथून दोनशे-चारशे किलोमीटर दूर असलेल्या एका वेगळ्याच संकटाचे कोडे उलगडते. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, त्याची बाहेर जाण्याची वाट बंद करायची आणि बाकीचे काम उन्हावर सोपवायचे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या बागायती पट्ट्यांत हीच व्यवस्था कुणीही न ठरवता हजारो हेक्टर शेतांत उभी राहिली आहे. फरक इतकाच की तिथले पाणी गोडे आहे, त्यामुळे मीठ दिसायला वीस-तीस वर्षे लागतात.

गोड्या पाण्यात मीठ कुठून आले, हा पहिला प्रश्न. नदीचे पाणी खडकांवरून आणि मातीतून वाहत येताना त्यांतील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट थोड्या थोड्या प्रमाणात विरघळवून आणते. एका लिटरमध्ये 300 मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी सिंचनासाठी उत्तम समजले जाते आणि ते पिण्यासही चालते. आता उसाचा हिशेब करू. पाटाने मोकळे पाणी देण्याच्या पद्धतीत उसाला वर्षाकाठी सुमारे 2 मीटर उंचीइतके पाणी सहज दिले जाते, म्हणजे हेक्टरी 20,000 घनमीटर. प्रत्येक घनमीटरमागे 300 ग्रॅम क्षार धरले, तरी वर्षाला हेक्टरी 6 टन क्षार शेतात येऊन पडतात. त्यांतला अगदी थोडा वाटा पीक उचलते. उरलेले जमिनीखालून वाहून गेले तर ठीक. नाही गेले, तर दहा वर्षांत त्या एका हेक्टरात 60 टनांची भर पडलेली असते, आणि यात विहिरीच्या मचूळ पाण्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

जिथे पाऊस भरपूर पडतो तिथे ही भर टिकत नाही. कोकणातल्या खारजमिनींत तर प्रत्यक्ष समुद्राचे पाणी शिरते, तरीही पावसाळ्यात तिथे भात येतो, कारण दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस वरच्या थरातले मीठ धुऊन काढतो. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाताच्या जाती याच हंगामी सवलतीचा फायदा घेतात. पर्जन्यछायेतल्या भागात ही सवलत नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात जमीन जेमतेम भिजते, आणि वर्षभरात जेवढे पाणी वरून येते त्याच्या कितीतरी पट पाणी ऊन-वारा शोषून नेऊ शकतात. अशा प्रदेशात कालव्याचे पाणी बारमाही खेळू लागले, की जादा पाणी खाली मुरत राहते आणि भूजलाची पातळी दर वर्षी थोडी थोडी वर चढते. ती जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटरच्या आत आली, की खेळ बदलतो. मातीच्या बारीक कणांमधल्या केशनलिकांतून पाणी आपोआप वर चढू लागते, पृष्ठभागापाशी येऊन उडून जाते आणि सोबत आणलेले क्षार तिथेच टाकते. वरून पाणी न देताही ही क्रिया चालू राहते. म्हणूनच पडीक ठेवलेल्या पाणथळ रानात फेब्रुवारी-मार्चपासून पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसू लागते, ज्याला शेतकरी 'मीठ फुटले' म्हणतात.

यातून होणारी हानी दोन प्रकारची असते आणि त्या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे उपायही चुकतात. पहिला प्रकार खारवट जमिनीचा. मुळांच्या आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळांत शिरते. बाहेरचे पाणी खारट झाले की हा फरक कमी होतो आणि ओल्या मातीत उभे असलेले पीक तहानेने सुकते. उगवण विरळ होते, पानांची टोके करपतात, शेतात ठिगळे पडल्यासारखी दिसतात. मातीचा खारटपणा तिच्या संपृक्त अर्कातून, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रावणातून, वीज किती सहज वाहते त्यावरून मोजतात, आणि ही विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की जमीन खारवट मानण्याचा संकेत आहे. समुद्राच्या पाण्यासाठी हाच आकडा 50च्या आसपास असतो. अर्थात प्रत्येक पिकाची सोसण्याची मर्यादा वेगळी आहे. कापूस 7.7 पर्यंत आणि बार्ली 8 पर्यंत उत्पादनात घट न होता तग धरते. गव्हाची मर्यादा 6 आहे, कांद्याची 1.2 आणि घेवड्याची जेमतेम 1. ऊस कितीही दणकट दिसत असला तरी त्याची मर्यादा 1.7 इतकी खाली आहे. ज्या पिकामुळे हे मीठ सर्वाधिक साठते, तेच पीक त्याला लवकर बळी पडणाऱ्यांत मोडते, ही या प्रश्नातली मोठी विसंगती आहे. द्राक्षाची मर्यादा तर त्याहून कमी, 1.5.

दुसरा प्रकार चोपण जमिनीचा, आणि तो अधिक चिवट आहे. मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धन आयन चिकटलेले असतात. कॅल्शियम असेल तर कण एकमेकांजवळ येऊन रवाळ ढेकळे बनतात, त्यांच्या फटींतून हवा आणि पाणी खेळते. सोडियमची पकड मात्र कमकुवत असते, त्यामुळे त्याचे प्रमाण वाढले की कण सुटे होऊन फुगतात आणि फटी बुजतात. अशी जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळल्यावर दगडासारखी कठीण होते; वरती पाणी आठवडाभर साचून राहते आणि वीतभर खाली माती कोरडी सापडते. सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचा निर्देशांक) 8.5च्या वर गेला की सेंद्रिय पदार्थ विरघळून वर येतात आणि पृष्ठभाग काळपट तेलकट दिसतो, म्हणजे इथे पांढरी साय दिसेलच असे नाही. पुस्तकांत विनिमययोग्य सोडियमचे, म्हणजे कणांना चिकटलेल्या धन आयनांतल्या सोडियमचे, प्रमाण 15 टक्क्यांच्या वर गेल्यास जमीन चोपण समजतात. पण ही मर्यादा काळ्या जमिनीला जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे, कारण आपल्या काळ्या मातीतली फुगणारी चिकण पाच-सहा टक्के सोडियमलाच बिघडायला लागते.

सोडियम वाढतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे, कारण बाहेरून सोडियम फारसा न येताही तो वाढू शकतो. आपल्याकडच्या पाण्यात बायकार्बोनेट असते. पाण्याची वाफ होऊन द्रावण दाट होत गेले की कॅल्शियम बायकार्बोनेटशी संयोग पावून चुनखडीच्या रूपाने खाली बसतो. द्रावणात मागे राहतो तो सोडियम, आणि तोच मग मातीच्या कणांवर जागा पटकावतो. काळ्या रानात नांगरताना सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे म्हणजे मातीतून निसटून दगड होऊन बसलेला कॅल्शियम होय. ज्या कॅल्शियमची जमिनीला गरज आहे, तो तिच्या पोटातच निरुपयोगी अवस्थेत पडलेला असतो.

हे संकट नवे नाही. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालवे काढण्याचा वेग वाढला आणि नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. हे कालवे दुष्काळापासून संरक्षण म्हणून आखलेले होते, ज्वारी-बाजरीला गरजेच्या वेळी एक-दोन पाळ्या मिळाव्यात या हिशेबाने. प्रत्यक्षात पाणी उसाकडे गेले, आणि काही दशकांतच बारामतीच्या बाजूची सखल काळी राने पाणथळ होऊ लागली. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्या वेळी नोकरीस असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी मिळणारे क्षेत्र ठरावीक गटांत बांधायचे, त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात हंगामी पिके फिरती ठेवायची आणि पाणी अधिक गावांत पसरवायचे, असा तिचा गाभा होता. 1916 मध्ये इलाख्याने सिंचन पद्धतींच्या अभ्यासासाठी एक विशेष कक्ष काढला, ज्यातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. त्या कक्षाचे प्रमुख क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालील पाणथळ आणि क्षारयुक्त जमिनींचा बारकाईने अभ्यास केला होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रोगाचे निदान झालेले होते आणि पथ्यही लिहून दिलेले होते.

तरीही पुढच्या काळात कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यात तीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांतली नदीकाठची जमीन खोल, काळी आणि जवळजवळ सपाट. माळाच्या जमिनीखाली हात-दोन हातांवर मुरूम लागतो आणि पाणी त्यातून निघून जाते. इथे ती सोय नाही. सहकारी उपसा सिंचन योजनांनी नदीचे पाणी वरच्या चढावर नेले, साखर कारखाने उभे राहिले, आणि वर दिलेले जादा पाणी जमिनीखालून सरकत उताराच्या तळाशी असलेल्या रानात येऊन वर निघाले. त्यामुळे पाणी एकाने जास्त द्यावे आणि जमीन दुसऱ्याची जावी, असे इथे सर्रास घडते. वरच्या शेतकऱ्याला आपण काही बिघडवत आहोत याचा पत्ताही नसतो.

मुंबईत बसून 'शेतकरी पाणी फार देतात' असे म्हणणे सोपे आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. कालव्याची पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसेल तर हाती आलेली पाळी माणूस भरभरून घेणारच. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पाण्याच्या मापावर नसून पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाते, त्यामुळे कमी पाणी घेणाऱ्याची काहीच बचत होत नाही. उपसा योजनेच्या मोटारी रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर चालतात. आणि ज्याचा दर सरकार ठरवते व ज्याचा ग्राहक कारखान्याच्या रूपाने ठरलेला असतो, असे उसाइतके खात्रीचे दुसरे पीक त्या भागात नाही. या सगळ्याचा परिणाम म्हणून जमिनीत मुरणारे पाणी वाढते, त्यात अज्ञानाचा वाटा फारच थोडा आहे.

कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात 67 लाख हेक्टरांहून अधिक जमीन क्षारबाधित आहे; त्यात गुजरात पहिला, उत्तर प्रदेश दुसरा आणि सुमारे 6 लाख हेक्टरांसह महाराष्ट्र तिसरा. जगभरचे चित्र याहून फार वेगळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार सुमारे 138 कोटी हेक्टर, म्हणजे पृथ्वीवरील जमिनीच्या दहा टक्क्यांहून अधिक क्षेत्र क्षारबाधित आहे. मध्य आशियात कापसासाठी अमू दर्या आणि सीर दर्या या नद्या वळवल्याने अरल समुद्र आटला हे अनेकांना ठाऊक असते. पण त्याच पाण्यावर पिकणारी उझबेकिस्तानातली सिंचित जमीनही मोठ्या प्रमाणावर खारावली आणि पेरणीपूर्वी शेत नुसते धुण्यासाठी तिथे दर हिवाळ्यात पाणी खर्च करावे लागते, ही बाजू कमी सांगितली जाते. इजिप्तमध्ये नाईलचा वार्षिक पूर हेच काम फुकट करत असे. 1970 मध्ये आस्वानचे मोठे धरण पुरे झाल्यावर पूर थांबला, बारमाही सिंचन सर्वत्र पसरले आणि त्या देशाला नाईलच्या त्रिभुज प्रदेशात लाखो हेक्टर क्षेत्राखाली निचऱ्याच्या नळ्या घालाव्या लागल्या. इजिप्तने तो खर्च केला, म्हणून तिथली शेती टिकली.

इथेच उपायाचा गाभा आहे. मीठ नष्ट करता येत नाही, ते फक्त दुसरीकडे नेता येते, आणि नेण्याचे वाहन पाणीच आहे. किती पाणी लागेल याचा हिशेब फार अवघड नाही. कालव्याच्या चांगल्या पाण्यावर, म्हणजे वाहकता 0.5 असलेल्या पाण्यावर, ऊस मर्यादेत ठेवायचा असेल तर दिलेल्या पाण्यापैकी सुमारे 6 टक्के पाणी मुळांच्या खाली निघून गेले पाहिजे. विहिरीचे 2 वाहकतेचे मचूळ पाणी वापरल्यास हाच वाटा 30 टक्क्यांच्या वर जातो. आपल्या बागायती भागात यापेक्षा कितीतरी अधिक पाणी खाली मुरते, म्हणजे धुण्यासाठी पाण्याची कमतरता नाही. त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, एवढीच अडचण आहे.

ती वाट काढण्याची जुनी पद्धत म्हणजे उघडे चर. ते जागा खातात, ढासळतात, त्यांत लव्हाळा आणि पाणकणीस माजते, आणि दोन वर्षांत कुणीतरी आपल्या हद्दीतला चर बुजवून तिथे ऊस लावतो. आता भूमिगत सच्छिद्र पाइपांची पद्धत अधिक खात्रीची मानली जाते. जमिनीत साधारण एक-सव्वा मीटर खोलीवर, ठरावीक अंतरावर, जाळीदार कापड गुंडाळलेले छिद्रयुक्त पन्हळी पाइप उताराला धरून घालतात. ते एका मोठ्या नळीला जोडतात आणि ती नळी ओढ्यात किंवा नाल्यात सोडतात. पाणी पाइपात शिरते, भूजल खाली उतरते, केशाकर्षण तुटते आणि पुढच्या पावसात वरचे क्षार धुपून पाइपावाटे बाहेर पडू लागतात. शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन या पद्धतीने वर्षानुवर्षे पडीक राहिलेली राने पुन्हा पिकाखाली आणली आहेत. खर्च हेक्टरी लाखांच्या घरात जातो, आणि एकट्याने करून भागत नाही, कारण पाइपाचे तोंड ज्या नाल्यात सोडायचे तो नालाच गाळाने भरलेला असेल किंवा मध्ये चार जणांची शेते असतील, तर सगळी मांडणी अडते.

जमीन चोपण झाली असेल तर निचऱ्याच्या जोडीला जिप्सम लागते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात विरघळतो. तो वाहून गेला नाही तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून निचरा आधी आणि जिप्सम नंतर, हा क्रम उलटवता येत नाही, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने नुसती पोती टाकून निराश झालेले शेतकरी बरेच असण्याचे कारणही हेच आहे. जिथे मातीत चुनखडी भरपूर आहे तिथे गंधक वापरता येते. त्यापासून जिवाणू आम्ल तयार करतात, आम्लात चुनखडी विरघळते आणि जमिनीतलाच अडकलेला कॅल्शियम मोकळा होतो. धैंचा किंवा ताग गाडणे, कारखान्याची मळी घालणे यांनी ही क्रिया सुधारते. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात 1970 नंतर जिप्सम आणि भात यांच्या जोडीने सुमारे 20 लाख हेक्टर चोपण जमीन सुधारली गेली. पण तिथली गाळाची माती आपल्या काळ्या मातीपेक्षा हलकी आहे आणि कूपनलिकांच्या उपशाने तिथले भूजलही खाली गेले होते, त्यामुळे तो यशाचा नमुना इथे जसाच्या तसा लागू पडेल असे मानू नये.

ठिबक सिंचनाबद्दल एक गैरसमज पक्का झालेला आहे. ठिबकने पाणी कमी लागते, त्यामुळे भूजल चढण्याचा वेग घटतो, हे खरे. मात्र ठिबक मीठ घालवत नाही. ते मुळांभोवतीच्या ओल्या भागाच्या कडेला ढकलून ठेवते, आणि अवेळी हलका पाऊस झाला की तेच मीठ पुन्हा मुळांकडे येते. ज्या जमिनीत अजून क्षार साठलेले नाहीत तिथे ठिबक उत्तम प्रतिबंध आहे. बिघडलेल्या जमिनीला मात्र धुण्याचे पाणी आणि निचरा या दोन्हींची गरज राहतेच.

शेतातून काढलेले खारट पाणी जाते कुठे, हा प्रश्न उपायांच्या चर्चेत नेहमी शेवटी येतो. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात निचऱ्याचे पाणी समुद्राकडे नेणारा कालवा अर्धवट राहिला आणि पाणी केस्टरसनच्या जलाशयात साठवले गेले. तिथल्या मातीतले सेलेनियम त्यात एकवटले, आणि 1983 मध्ये त्या जलाशयावर पक्ष्यांची विकृत पिल्ले आढळली. आपल्याकडे निचऱ्याचे पाणी ओढ्यांतून कृष्णेला मिळते. पावसाळ्यात नदी ते सहज सामावून घेते; उन्हाळ्यात प्रवाह रोडावलेला असताना खालच्या गावांना ते काय करते, याचे मोजमाप निचरा योजनेचा भाग असायला हवे. धरण आणि कालवा यांच्या आराखड्यात निचऱ्याचा खर्च सुरुवातीपासून धरला, तर या गोष्टी एकत्र आखता येतात. पण कालव्याचे जलपूजन होते, त्याला मंत्री येतात. जमिनीखालच्या पाइपाचे कुणी उद्घाटन करत नाही, आणि तो खर्च पुढे सरकवत नेला जातो.

मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची नावे गावच्या सातबाऱ्यावर असतात आणि रान वाट्याने लावलेले असते. सातबाऱ्यावर मातीतल्या क्षारांची नोंद नसते, त्यामुळे ती आपणच ठेवावी लागते. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर विहिरीच्या पाण्याची जमिनीपासूनची खोली मोजून लिहून ठेवावी. मातीचा नमुना 30-30 सेंटिमीटरच्या तीन थरांतून वेगवेगळा घ्यावा, कारण बिघाड खालून वर येतो. आणि अहवाल हाती आल्यावर विद्युत वाहकतेचा आकडा वाचताना एक काळजी घ्यावी. वर दिलेल्या 4, 1.7, 1.5 या मर्यादा संपृक्त अर्काच्या आहेत, तर आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून मोजतात. त्या पातळ द्रावणात आकडा तीन-चार पटींनी खाली येतो. अहवालात 1.2 दिसले म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाची भारी काळी जमीन प्रत्यक्षात 4 च्या आसपास, म्हणजे उसाच्या मर्यादेच्या दुपटीहून पुढे गेलेली असू शकते.